वुल्फवर पीएच.डी. करायची, तर आधी ‘अप्रोच’ ठरवायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीत एम.ए. झालं आहे, सेट झाली आहे, इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबऱ्यांवर पीएच.डी. करायची आहे. गाइड म्हणतात, आधी अप्रोच ठरवून या. स्त्रीवादी, मनोविश्लेषणाचा की उत्तर-वसाहतवादी. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर, पाहिलं तर वुल्फवर आधीच कितीतरी प्रबंध आहेत. मग अप्रोच कोणता घ्यावा, आणि म्हणण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय, आणि भरपूर उरलंय. पण अप्रोच आधी आणि कादंबरी नंतर हा क्रम आपल्याकडच्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, साच्यातून आलेला आहे. ‘अमुक सिद्धान्ताच्या प्रकाशात तमुक लेखिका’ असं शीर्षक घातलं की समितीत कुणी फार प्रश्न विचारत नाही, म्हणून तो टिकून आहे. मीही तोच पाळला होता. त्याची फजिती आधी सांगते.

माझा प्रबंध मनोविश्लेषणाचा होता. वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’च्या शेवटाकडे नायिका क्लॅरिसा डॅलोवेच्या पार्टीत एका तरुणाच्या आत्महत्येची बातमी येते. ती शेजारच्या रिकाम्या खोलीत जाते, खिडकीशी उभी राहते, आणि कधी न भेटलेल्या त्या सेप्टिमसबद्दल तिच्या मनात येतं की त्याने आपल्याला सौंदर्य जाणवून दिलं, गंमत जाणवून दिली. या एका वाक्यावर मी सहा पानं लिहिली होती. मृत्यूची ओढ, दुभंगलेलं व्यक्तित्व, सगळा माल त्यात होता. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपली प्रत उघडली, पान काढलं आणि शांतपणे विचारलं, “हे वाक्य दाखवा बरं.” त्यांच्या प्रतीत ते नव्हतंच. त्यांची प्रत ब्रिटिश पाठावरची, म्हणजे तिकडे छापलेल्या मजकुरावरची होती, माझी झेरॉक्स अमेरिकी पाठाची. कादंबरी १४ मे १९२५ ला दोन्ही देशांत एकाच दिवशी निघाली, पण वुल्फने प्रुफांचे संच वेगवेगळे तपासले होते. ते वाक्य फक्त न्यूयॉर्कच्या छपाईत आहे. पदवी मिळाली, पण ती सहा पानं मला अजून आठवतात.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदीच किराणा दुकानातला वाटेल: आधी कुठली आवृत्ती वाचताय ते बघा. भारतात वुल्फचं लेखन २००२ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे (मृत्यू १९४१, त्यापुढे साठ वर्षं), त्यामुळे दीड-दोनशे रुपयांच्या प्रती सगळीकडे मिळतात. त्यातल्या बऱ्याच प्रतींवर पाठ कुठून घेतला याचा पत्ता नसतो. वाचायला हरकत नाही, प्रबंध त्यावर उभा करू नका.

हे नुसतं पाठचिकित्सेचं, म्हणजे आवृत्त्यांतले फरक तपासण्याचं, खूळ नाही, हे दाखवायला एकच जागा घेते. ‘टू द लाइटहाउस’चा मधला भाग, ‘टाइम पासेस’. घर रिकामं पडलंय, वर्षं चालली आहेत, आणि मिसेस रॅमसेंचा, म्हणजे कादंबरीच्या केंद्राचाच, मृत्यू चौकटी कंसात एका वाक्यात उरकला आहे. अमेरिकी पाठात ते वाक्य नीटनेटकं आहे: मिस्टर रॅमसे अंधाऱ्या सकाळी घरातल्या पॅसेजमधून अडखळत जाताना हात पसरतात, पण पत्नी आदल्या रात्री अचानक वारलेली असल्यामुळे ते पसरलेले हात रिकामे राहतात. ब्रिटिश पाठात वाक्यच अडखळतं. हात पसरले, पण मिसेस रॅमसे आदल्या रात्री गेलेल्या असल्यामुळे, हात पसरले. आणि मग एक तुटकं वाक्य: ते रिकामेच राहिले. कुठल्याही संपादकाने तिथे लाल पेन चालवलं असतं. माणूस एकदा हात पसरतो, मध्ये मरण येतं, आणि तो पुन्हा तेच करतो, कारण शरीराला अजून कळलेलं नाही.

आता या एका कंसाजवळ बसा आणि बघा कोण कोण येतं. स्त्रीवादी वाचक विचारेल की बाईचं मरण नवऱ्याच्या हालचालीच्या पोटात, गौण उपवाक्यात का टाकलं? युद्धाचा अभ्यासक दाखवेल की पुढच्याच पानांत मुलगा अँड्र्यू फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मरतो तोही कंसात, आणि त्याआधी मुलगी प्रू बाळंतपणात जाते तीही कंसात. रणांगण आणि बाळंतिणीची खोली एकाच विरामचिन्हात बसवली आहे. मनोविश्लेषक म्हणेल, वुल्फची आई ५ मे १८९५ ला गेली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि ही कादंबरी प्रसिद्ध झाली ५ मे १९२७ ला. शिवाय ‘अ स्केच ऑफ द पास्ट’ या आठवणींत ती स्वतःच सांगते की मनोविश्लेषक रुग्णांसाठी करतात तसं काहीतरी हे पुस्तक लिहून मी स्वतःसाठी केलं असावं. हे सगळे अप्रोच खरे आहेत, पण ते कंसानंतर आले. कंस आधी दिसावा लागतो.

एरिक आउअरबाख या जर्मन साहित्य-अभ्यासकाने हेच केलं. नाझी जर्मनीतून बाहेर पडून इस्तंबूलमध्ये, हाताशी पुरेशी ग्रंथालयं नसताना, त्याने ‘मिमेसिस’ लिहिलं. १९४६ ला ते निघालं. त्याचं शेवटचं प्रकरण याच कादंबरीच्या एका उताऱ्यावर आहे: मिसेस रॅमसे दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी विणलेला तपकिरी मोजा आपल्या मुलाच्या पायाला लावून मापतात. एवढंच घडतं. आउअरबाख विचारतो की इथे बोलतंय कोण? बाहेरची घटना क्षणाची आणि आतली पसरलेली, असं का? त्या प्रकरणात स्त्री म्हणून लेखिकेचा विचार जवळजवळ नाहीच, ही त्याची मर्यादा. तरी वुल्फवर लिहिणाऱ्याने पहिल्या महिन्यात वाचावं असं ते आहे, कारण उतारा पुढे आणि सिद्धान्त मागे हा क्रम त्यात दिसतो.

मनोविश्लेषणाबद्दल जरा सविस्तर, कारण पोळले आहे. वुल्फच्या बाबतीत हा मार्ग मोहक आहे आणि घसरडा आहे. आजारपण, लहानपणचं लैंगिक शोषण, ऊझ नदीतली आत्महत्या, सगळं माहीत असल्यामुळे कादंबऱ्या शेवटाकडून उलट्या वाचल्या जातात आणि सेप्टिमस म्हणजे लेखिकाच होऊन बसतो. त्यातून तिने स्वतः १९२८ च्या एका अमेरिकी आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, क्लॅरिसाच पार्टीच्या शेवटी आत्महत्या करणार होती, किंवा नुसतीच मरणार होती. हे वाक्य किती प्रबंधांत आलं असेल! पण तिची डायरी उघडा. १४ ऑक्टोबर १९२२ ची नोंद: मिसेस डॅलोवेचं आता पुस्तक होतंय, त्यात वेड आणि आत्महत्या यांचा अभ्यास असेल, शहाण्याने पाहिलेलं जग आणि वेड्याने पाहिलेलं जग शेजारीशेजारी. म्हणजे पुस्तक म्हणून ते सुचलं तेव्हाच ही जोडी सोबत होती. लेखकाने सहा वर्षांनी सांगितलेली आठवण आणि त्या दिवशीची नोंद यात फरक पडला, की तिथे प्रबंधाचं एक प्रकरण असतं. ‘द अवर्स’ या आधीच्या नावाने लिहिलेल्या ‘मिसेस डॅलोवे’च्या हस्तलिखिताच्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यांचा छापील पाठही उपलब्ध आहे. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची गंमत अशी की १९२४ पासून त्याची इंग्रजी भाषांतरं वुल्फ दांपत्याचीच होगार्थ प्रेस छापत होती. तिने मात्र त्याला मनावर घेऊन वाचायला सुरुवात केली ती १९३९ च्या अखेरीस. तोवर तिच्या बहुतेक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. तेव्हा ‘फ्रॉइडचा प्रभाव’ हे शब्द सिनॉप्सिसमध्ये टाकताना हात आखडता घ्या.

स्त्रीवादी वाचनाचा इतिहास तर एखाद्या भांडणाऱ्या घरासारखा आहे, म्हणून मला तो आवडतो. वुल्फ गेल्या त्याच वर्षी कादंबरीकार मित्र ई. एम. फॉर्स्टरने केंब्रिजच्या व्याख्यानात तिच्या स्त्रीवादाला लेखनावरचे डाग ठरवलं. त्याआधी १९३८ मध्ये तिच्या ‘थ्री गिनीज’ या पुस्तकावर क्यू. डी. लीविस या समीक्षक बाईंनीच झोड उठवली होती; त्यांचा मुद्दा असा की घरात नोकरचाकर असलेल्या बाईने सगळ्या बायकांच्या वतीने बोलू नये. सत्तरच्या दशकात डायऱ्या, पत्रं, भाचा क्वेंटिन बेलने लिहिलेलं चरित्र बाहेर आलं आणि वुल्फ स्त्रीवादाची आई झाली. पण १९७७ मध्ये एलेन शोवॉल्टर या स्त्रीवादी समीक्षकेनेच तिच्यावर आरोप केला की उभयलिंगी मनाची, म्हणजे स्त्री-पुरुष दोन्ही असलेल्या मनाची, कल्पना म्हणजे स्त्रीच्या रागापासून काढलेली पळवाट आहे. टोरिल मोई या दुसऱ्या स्त्रीवादी समीक्षकेने १९८५ मध्ये उलट विचारलं, की तुम्हाला एकसंध ‘मी’ असलेलं वास्तववादी लेखनच हवं असेल तर वुल्फचा दोष काय? ती तर तो ‘मी’च मोडत होती. दोघींना समोरासमोर बसवून वाचा. माझं मत मोईकडे झुकतं, पण शोवॉल्टरचा प्रश्न जास्त रोखठोक आहे.

आणि कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका ॲलिस वॉकर. वुल्फच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मधली, बाईला लिहायला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, ही अट घेऊन ती विचारते की अठराव्या शतकातली गुलाम कवयित्री फिलिस व्हीटली जिच्या मालकीचं तिचं शरीरही नव्हतं, तिचं काय? आपल्याकडे स्त्रीवादी अप्रोचच्या प्रबंधांत खोली आणि पाचशे पौंड येतात, ती खोली झाडणारी क्वचितच येते. वुल्फच्या घरी ती नेली बॉक्सॉल नावाची स्वयंपाकीण होती आणि दोघींची भांडणं डायरीभर आहेत. ॲलिसन लाइटने २००७ मध्ये वुल्फच्या नोकरांवर अख्खं पुस्तक लिहिलं. (जाता जाता: ताराबाई शिंदेंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चं, वुल्फचा जन्मही १८८२ चा. यावरून प्रभाव बिभाव काढू नका. पण व्हायवाला कुणी स्त्रीवाद ‘तिकडून आला’ म्हणालं तर हाताशी असू द्या.)

विषय हवाच असेल तर इथे एक पडलेला आहे. ‘टाइम पासेस’मध्ये रिकाम्या घरात म्हातारी मिसेस मॅकनॅब येते, डुलत, गुणगुणत, केर काढायला. तोवरची गद्याची उंची, वारे, अंधार, काळ, सगळं तिच्या पायाखाली वेगळं चालायला लागतं. तिच्या मनात शिरताना वुल्फची वाक्यं कशी बदलतात? क्लॅरिसाच्या मनात निवेदक जितक्या सहज शिरतो तितका इथे शिरतो का, की दारातच उभा राहून बोलतो? मिसेस मॅकनॅबबद्दल लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण ज्याच्या घरी रोज सकाळी भांड्यांना बाई येते, त्याने हे वाचायची एक वेगळी जागा असते.

उत्तर-वसाहतवादी मार्गाबद्दल थोडक्यात. भारत या कादंबऱ्यांत आहेच. ‘मिसेस डॅलोवे’मधला पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परततो. तिथे त्याने नांगर तयार केलेला असतो, इंग्लंडहून हातगाड्या मागवलेल्या असतात, पण कुली त्या वापरत नाहीत. ‘द वेव्ह्ज’मध्ये पर्सिव्हल हिंदुस्थानात घोड्यावरून पडून मरतो, त्याआधी त्याचा मित्र बर्नार्ड याच्या कल्पनेत त्याने रुतलेली बैलगाडी पाच मिनिटांत सरळ केलेली असते आणि पौर्वात्य प्रश्न सुटलेला असतो. हे संदर्भ गोळा करून यादी करणं म्हणजे प्रबंध नव्हे. प्रश्न असा की त्या हातगाड्यांच्या वाक्यात हसतंय कोण, पीटर, निवेदक की दोघं? समीक्षक जेन मार्कसने नव्वदच्या दशकात ‘द वेव्ह्ज’ साम्राज्यविरोधी म्हणून वाचली; त्या मताशी भांडण्यातही दम आहे. मला स्वतःला हातगाडीपेक्षा गुलाब महत्त्वाचे वाटतात: क्लॅरिसाचा नवरा आर्मेनियनांच्या प्रश्नावर कमिटीला जातो, आणि तिला ते आर्मेनियन की अल्बानियन हेच आठवत नाही, तिला गुलाब जास्त प्रिय आहेत. कादंबरीचा दिवस जून १९२३ चा, तेव्हा लोझानला महायुद्धानंतरच्या, तुर्कस्तानशी तहाच्या वाटाघाटी चालू होत्या. साम्राज्य पाहायला भारतच कशाला हवा?

आता जो भाग मला सर्वांत कसदार वाटतो आणि ज्यात मराठी माणसाला घरचं भांडवल आहे तो म्हणजे निवेदनाचं व्याकरण. मराठीत वुल्फचं नाव निघालं की ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द येतो, म्हणजे पात्राच्या मनातले विचार येतील तसे वाहू देणं. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’पासून (१९४२) तो आपल्याला पाठ आहे. पण तो तिला नीट बसत नाही. इंग्रज कादंबरीकार मे सिंक्लेअरने १९१८ मध्ये तो मानसशास्त्रातून उचलून डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांना लावला होता. वुल्फ बहुतेक वेळा तृतीय पुरुषात, भूतकाळात राहूनच पात्राच्या मनात शिरते. म्हणजे सर्वनामं निवेदकाची आणि शब्द, सूर, ठेका पात्राचा.

‘मिसेस डॅलोवे’चं पहिलंच वाक्य मराठीत करून बघा. फुलं आपण स्वतःच आणू, असं मिसेस डॅलोवे… म्हणाली? की म्हणाल्या? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला पहिल्याच क्रियापदात ठरवावं लागतं की निवेदक बाईंपासून किती अंतरावर उभा आहे. ‘म्हणाल्या’ केलं तर बोलणारी कुणी मोलकरीण किंवा शेजारीण वाटते. आणि गंमत म्हणजे दुसरं वाक्य मोलकरणीबद्दलच आहे, ल्यूसीला आधीच कामं पुष्कळ आहेत. ‘म्हणाली’ केलं तर ‘मिसेस’ उघडं पडतं. मग दोन-तीन ओळींत तीच बाई ‘क्लॅरिसा डॅलोवे’ होऊन विचार करायला लागते, म्हणजे अंतर इंग्रजीतही बदलतंय, फक्त आपल्या क्रियापदाने ते पकडून दिलं. (मीही इथे वुल्फला कधी ‘ती’ म्हणतेय, एकदा ‘गेल्या’ म्हटलं. आपलं भाषेवर असं लक्ष नसतं.)

दुसरं: इंग्रजीत विचार सांगताना काळ मागे ढकलतात, मराठीत ढकलत नाहीत. आपण म्हणतो, ‘तिला वाटलं, आज पार्टी आहे.’ त्यामुळे इंग्रजीत भूतकाळाच्या पडद्याआड लपलेला पात्राचा आवाज मराठीत बाहेर येतो, नाहीतर मराठी कृत्रिम होते. तिसरं, तिचं ‘वन’ हे सर्वनाम, ज्यात क्लॅरिसा, ‘टू द लाइटहाउस’मधली चित्रकार लिली आणि वाचक एकदम मावतात. मराठीत ‘आपण’ जवळचं, पण ‘आपण’ माणसाला आत ओढून घेतो, ‘वन’ थोडं बाहेर ठेवतं. आणि ‘ऑर्लँडो’! नायक झोपेतून उठतो तो स्त्री होऊन, आणि निवेदक सांगतो की आता रिवाज म्हणून ‘ही’ (he) ऐवजी ‘शी’ (she) म्हणू. इंग्रजीत बदल सर्वनामावर भागतो. मराठीत ‘उठला’चं ‘उठली’, ‘थकलेला’चं ‘थकलेली’ होतं. लिंग क्रियापदात, विशेषणात, सगळीकडे सांडतं. वुल्फ जी गोष्ट लपवत, चिडवत करते ती आपली भाषा करू देत नाही. यात तुमच्या अप्रोचचे तीनही विषय येतात, आणि मराठी नसलेल्या अभ्यासकाला हे सहज सुचणार नाही.

आता कामाचं. गाइडशी वाद घालू नका, त्यांनाही समितीपुढे उभं राहायचं असतं. दोन महिने मागून घ्या. एकच कादंबरी घ्या, ब्रिटिश आणि अमेरिकी पाठ शेजारी ठेवा, रोज दहा पानं, फरक वहीत. डायरीचे पाच खंड आणि पत्रांचे सहा खंड सलग वाचायच्या फंदात पडू नका. निवडलेल्या कादंबरीच्या लेखनकाळाची वर्षं तेवढी काढा. ‘टू द लाइटहाउस’ निवडलीत तर तिची हस्तलिखितं आणि प्रुफं ‘वुल्फ ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. प्रत्येकी अर्ध्या पानाची तीन निरीक्षणं लिहा, त्यात एकाही सिद्धान्तकाराचं नाव नको. ती घेऊन गाइडकडे जा.

शीर्षकात त्यांना अप्रोच हवाच असेल, तर तो उपशीर्षकात द्या. कोलनच्या उजवीकडे काय लिहिलंय हे पुढे सहसा कुणी तपासत नाही. व्हायवाला मात्र प्रत जवळ ठेवा, आणि ती कुठल्या पाठावरची आहे ते पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.